कासीमचाचांचा शेवटचा रकाना

कासीमचाचा कुणालाही "तुमचा धंदा काय?" असं एकदम विचारत नसत. आधी त्या माणसाशेजारी बसून काम बघत आणि मग म्हणत, "ह्ये शिकायला किती वर्सं लागली वो तुमास्नी?"

महाराजांच्या कारकिर्दीत संस्थानातल्या धंद्यांची यादी करण्याचं काम निघालं, तेव्हा मी त्यांच्या हाताखाली कारकून होतो. कोण काय काम करतो, ते शिकायला किती काळ लागतो हे लिहायचं आणि शेवटच्या रकान्यात कसबाची प्रत ठरवायची: उत्तम, मध्यम की साधारण. महाराजांनी काढलेल्या वसतिगृहांतल्या मुलांना पुढे कुठल्या धंद्याला लावावं, हे त्या यादीवरून ठरणार होतं. बाकीचे कारकून चावडीत बसून, जात विचारून प्रत लिहून टाकीत. चाचा शिवाजी पेठेतल्या शिकलगारांच्या, हत्यारांना धार लावणाऱ्या घरातले. माझं गाव नेसरी, म्हणून ते मला नेसरीकर म्हणत. "नेसरीकर, जात त्येच्या बानं दिली. हातातलं त्येनं सोता कमावलंय. आपल्याला त्ये लिवायचं हाय."

एका दुपारी आम्ही उचगावच्या सखूबाई सुईणीकडे गेलो. ती घाईनं बाहेरच पडत होती. गल्लीत एक बाई अडली होती. आम्हीही मागोमाग गेलो. आत जाणं शक्य नव्हतं, म्हणून समोरच्या कट्ट्यावर बसलो. आतून बाळंतिणीचं ओरडणं येत होतं आणि मधूनमधून सखूबाईचा शांत आवाज. मूल आडवं होतं. ते तिनं नुसत्या हातांनी वळवलं, असं मागून कळलं. बाळ रडलं तेव्हा चाचांनी डोळे पुसले. त्यांची पहिली बायको बाळंतपणातच गेली होती, हे मला त्या दिवशी समजलं.

"शिकायला किती वर्सं लागली?" त्यांनी सखूबाईला विचारलं.

"आता गं बया! पावणं, ह्ये शिकाय लागतंय व्हय?" ती पदरानं हात पुसत हसली. मग जरा थांबून म्हणाली, "सासूच्या मागनं बारा वर्सं हिंडले की. मग तिनं मला एकटीला बाळंतपणाला सोडलं."

चाचांनी लिहिलं: धंदा सुईण, बारा वर्षे, उत्तम.

आमच्या मुख्य कारकुनांनी ते खोडून 'घरकाम' केलं. चाचांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं गेलं. तिसऱ्यांदा मुख्य कारकून ओरडले, "बायकांच्या कामाला कसली प्रत?"

"मग यादीवर माझी सही हुणार न्हाय," चाचा म्हणाले.

आठवड्याभरात त्यांची नोकरी गेली. पक्की यादी लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझ्या घरी नुकतीच मुलगी झाली होती, नोकरी सोडायची हिंमत नव्हती. मी मान खाली घालून 'घरकाम' लिहिलं.

चाचा मिरजेला लेकीकडे राहायला निघाले, तेव्हा मी स्टेशनवर गेलो. गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "उचगावच्या बाईचं काय झालं?"

"घरकाम लिहिलं. मीच लिहिलं, चाचा."

त्यांनी मान दुसरीकडे वळवली. मग "खरं बोललासा," म्हणाले आणि खिडकीतून माझा हात धरला. गाडी हलेपर्यंत सोडला नाही.

दोन वर्षांनी तापाच्या साथीत ते गेले. लेकीनं पत्रातून कळवलं. मिरज काही लांब नव्हती. या रविवारी जाऊ, पुढच्या जाऊ म्हणत मी ती दोन वर्षं घालवली. अजूनही मिरजेची गाडी सुटल्याचा आवाज आला की हातातलं काम थांबतं.