काकांचा युरोपवर विश्वास नाही

आमच्या मुरुडच्या मावशीचे यजमान युरोपवर जितका संशय घेतात, तितका युरोपातल्या देशांनी एकमेकांवरही कधी घेतला नसेल. काका उमेदीची वर्षं बोटीवर होते. तिकडची झाडून सगळी बंदरं त्यांनी पाहिली आणि एकाही बंदरात म्हणे ते बूट काढून झोपले नाहीत. पोर्तुगीजांनी 'चावी' हा शब्द इथे उगाच ठेवलेला नाही, असं त्यांचं ठाम मत. म्हणून त्यांच्या घरात किल्लीच म्हणावं लागतं. पावाला ते शिवत नाहीत. बटाटाही तिकडूनच आला, हे मी एकदा सांगून पाहिलं, तर भाजी वाढून घेत म्हणाले, त्याला पुष्कळ वर्षं झाली, तो सुधारला. किल्ला बघायला आलेलं एक गोरं जोडपं वाळूत ऊन खात पडलं होतं. काका तासभर त्यांच्या पायाशी उभे, काय मोजतायत ते बघायला. हल्ली पेपरात येतं की अमेरिका आणि चीनच्या चेपाचेपीत युरोपचं काही चालत नाही, कारखाने मंदावलेत, व्यापारासाठी आपल्याकडे येरझाऱ्या चालल्यात. काकांच्या मते हे सोंग आहे. मिरी घ्यायला आले तेव्हाही असेच गोड बोलत होते.

मावशी गेल्यापासून घरात काका आणि त्यांची नात सायली, दोघंच. या सायलीलाच जर्मनीत नर्सची नोकरी चालून आली. काकांनी जाहीर केलं की शेवटच्या मुलाखतीला ते शेजारी बसणार आणि ते हो म्हणाले तरच ती जाणार. मलाही साक्षीला बोलावलं. मोबाइलवर एक पिकल्या केसांच्या बाई आल्या. काकांनी सायलीकरवी एकच विचारलं, "तुमची पोरं कुठं हायत? आमची कशाला पायजेत?" बाई म्हणाल्या, आमच्याकडे पोरं फार झालीच नाहीत. माझी आई नव्वदीची आहे, तिला आंघोळ घालायला माणूस मिळत नाही. सायलीने ते मराठीत सांगितलं. आता काका काय कुलंगडं काढतात, म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो.

"सोंग न्हाय," ते मला म्हणाले. "म्हातारा झालाय तो मुलूख." मग सायलीकडे न बघताच, "जा."

तिला जाऊन दोन महिने झाले. मी सध्या मुरुडलाच मुक्कामाला आहे, त्यामुळे काकांच्या डोळ्यांत रोज औषधाचे थेंब घालायचं तिचं काम आता माझ्याकडे आलंय. ते बाटली उलटीसुलटी करतात, तारीख वाचायला लावतात, झाकण कुणी आधी उघडलं होतं का विचारतात. काल मी वैतागून म्हटलं, सायलीलाही एवढं विचारत होतात का? काकांनी बाटली माझ्या हातात दिली.

"तिच्या हातातली बाटली कधी बघितलीच न्हाय मी," ते म्हणाले आणि त्यांनी मान मागे टाकली. विचारलं नसतं तर बरं झालं असतं, असं वाटलं. त्यांचे डोळे आधीच भरलेले होते, थेंब बाहेरच ओघळले.