गच्ची सांगेल तेव्हा

"किती दिवस लागतील?" असं विचारलं की मेस्त्री आधी चपला काढायचे. मग गच्चीवर उकिडवे बसून, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा तळहात फरशीवर ठेवायचे. आणि एवढंच म्हणायचे, "गच्ची सांगेल, राव."

त्यांच्याविषयी लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. आमच्या गल्लीत आजही कुणाच्या छताला ओल आली की कुणीतरी त्यांचं उदाहरण देतं आणि मी मान हलवतो. हे मान हलवणं आता पुरे झालं. माझी बायको गेली. त्या गच्चीचं खरं काय झालं ते जाणणारा मी एकटाच उरलो आहे.

आम्ही सोलापूरकडचे. केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन चेन्नईला आलो आणि अड्यारला घर बांधून इथलेच झालो. निवृत्तीनंतर छत पाझरू लागलं, तेव्हा कुणीतरी मेस्त्रींचं नाव सुचवलं. तंजावरकडचे मराठी. कित्येक पिढ्या तमिळ मुलखात काढलेल्या. त्यांची मराठी पोथीतली वाटावी इतकी जुनी आणि मध्येच तमिळ. घाईला ते 'अवसर' म्हणत. "अवसर नको, राव," हे दिवसातून किती वेळा ऐकलं असेल.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. काम चोख, पण वेळेचं गणित त्यांचं त्यांनाच ठाऊक. हल्ली डब्यातलं रसायन फासून लोक झटपट गच्ची मोकळी करतात. मेस्त्रींचं तसं नव्हतं. जुना थर फोडायचा, चुना आणि विटांचे तुकडे कालवून पसरायचे, मग त्यांच्या कामावरच्या बायका ओळीनं बसून लाकडी थापट्यांनी तो थर ठोकणार, वरून हिरड्याचं आणि गुळाचं पाणी शिंपडणार. आमच्या घरात दिवसभर ठकठक आणि गुळाचा वास. थर बसला की फरशा. भिंत आणि फरशी मिळते तिथे पाणी शिरू नये म्हणून सगळीकडून गोलाई. ती मात्र ते स्वतःच्या हातानं करत. बायकांनाही हात लावू देत नसत.

मध्येच ते नाहीसे झाले. चेन्नईजवळच समुद्रकाठी, कोवलमला लेकीकडे गेले होते. आले ते मासळीची पिशवी घेऊन. मी चिडलोच.

"चुना वाळायला माझी गरज काय?" ते म्हणाले. "मी बघत बसलों तर तो लाजतो."

समोरच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळी गल्ली त्यांना टीचरम्मा म्हणते. आमच्यानंतर त्यांच्या गच्चीचं काम मेस्त्रींनाच द्यायचं ठरलं होतं. त्या कठड्यावरून ओरडून विचारायच्या, "मेस्त्री, माझ्या नातीच्या लग्नापर्यंत तरी वाळेल का?"

"नात आधी जन्माला येऊं दे, टीचर," मेस्त्री खालूनच सांगायचे.

सगळं झाल्यावर पाण्याची परीक्षा. पन्हळी गोणपाटानं आणि मातीनं बुजवून गच्ची पाण्यानं भरली. कावळ्यांची चंगळ झाली. मेस्त्री सकाळी यायचे, पण वर जायचे नाहीत. आमच्या झोपायच्या खोलीत यायचे. "अक्का, पलंगावर पडूं का?" माझ्या बायकोला विचारायचे आणि माझ्या उशीवर डोकं ठेवून छताकडे बघत राहायचे. छताखाली निजल्याशिवाय छत कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा ते घोरू लागले. बायकोनं मला खूण करून पंखा वाढवायला सांगितला आणि ते उठल्यावर ताक दिलं.

छत कोरडं राहिलं. पाणी सोडून दिलं. तरी मेस्त्री मोकळीक देईनात.

"बाळंतीण आहे ती आतां," ते म्हणाले. "वर कुणी जाऊं नका. खिळा नाही, खुंटी नाही, हातोडा नाही. गोलाई आंतून अजून ओली आहे. एक पावसाळा जाऊं दे."

"आणि तोवर?"

"बाळंतिणीला कुणी विचारतें काय, कधीं उठतेस म्हणून?"

असं म्हणून त्यांनी गच्चीच्या दाराच्या कडीला कडुनिंबाची डहाळी बांधली. इकडे देवी आल्या की घराच्या दाराला बांधतात तशी. म्हणजे आत जाऊ नये.

त्याच आठवड्यात पाडवा आला.

गल्लीत मराठी घर आमचं एकच. आदल्या वर्षी समुद्रावरच्या वाऱ्यानं आमची गुढी गच्चीवरून पडली होती आणि तांब्या गडगडत रस्त्यावर गेला होता. पुढे थोड्याच दिवसांत बायकोचं दुखणं निघालं. मी शकुन-अपशकुन मानत नाही असं चारचौघांत म्हणतो. मनात मात्र तो तांब्या गडगडतच होता.

"या वर्षी खाली फाटकापाशी उभारू," बायको म्हणाली. "मेस्त्री नको म्हणालेत ना."

"मेस्त्रींना पाडव्याचं काय कळतंय?" मी म्हणालो.

मी वर गेलो. कडीची डहाळी सोडली. गुढीला कडुनिंब लागतोच. तीच डहाळी मी गुढीला बांधली. काठी झोपायच्या खोलीवरच्या कोपऱ्यात कठड्याला टेकवली आणि यंदा पडायची नाही म्हणून लोखंडी पट्टी घेऊन लांब खिळ्यांनी ती खालच्या गोलाईतून आरपार ठोकली. चुना मऊ होता. खिळे सहज गेले. दिवसभर वारा होता, पण गुढी हलली नाही. खालून बायको बघत होती. मला वाटलं, बघ.

संध्याकाळी गुढी उतरवली, खिळे उपटले आणि बायकांनी ठेवलेल्या घमेल्यातलं उरलंसुरलं सिमेंट कालवून बोटानं भोकांत भरलं. पुढे पावसाआधी मेस्त्रींनीच कठड्याला गोलाईसकट सफेदी करवली. त्यांच्या कामावरच्या बायकांनीच माझी भोकं चुन्यानं झाकली.

ऑक्टोबरात इकडचा पाऊस सुरू झाला. आमच्या पलंगाच्या वर, नेमक्या त्या कोपऱ्यात ओल आली आणि मग ठिपका ठिपका पाणी. दुखण्यातून उठलेली माझी बायको उशी दुसऱ्या बाजूला घेऊन झोपू लागली.

मेस्त्री भर पावसात आले. पलंगावर पडले नाहीत. उभ्यानंच वर बघत राहिले. "इथें?" ते म्हणाले. "इथें कसें?" मग वर गेले. मी मागोमाग जाऊन त्यांच्या डोक्यावर छत्री धरली. त्यांनी पाण्यातच बसून सगळी गोलाई हातानं चाचपली. सफेदीखाली त्यांना काही सापडलं नाही. जिन्यातून उतरताना त्यांनी मला सरळ विचारलं, "राव, कुणी वर कांही ठोकलें काय?"

ओल बघायला आलेल्या टीचरम्मा आमच्या दारात उभ्या होत्या. मी म्हणालो, "नाही."

स्वयंपाकघरात बायको भांडी घासत होती. तो आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला. तिनं मेस्त्रींना चहा आणून दिला आणि माझ्याकडे बघितलं नाही.

मेस्त्रींनी तो कोपरा फोडून नव्यानं केला; फोडताना माझी भोकंही चुऱ्यात गेली. बायकांना बोलावलं नाही. एकटेच ठोकत बसायचे. कोवलमला गेले नाहीत, टीचरम्मांच्या चेष्टेला उत्तर दिलं नाही. नंतर त्याही चेष्टा करायच्या थांबल्या. "एवढे महिने घेऊनही गळलीच," असं त्या गल्लीत म्हणाल्या आणि त्यांनी आपली गच्ची दुसऱ्याला दिली. मग कुणीच मेस्त्रींना बोलावलं नाही. पुढे कळलं, कुणी बोलावलं तरी ते गच्चीचं काम घेत नाहीत. कुंपणाच्या भिंती बांधतात. कुणी कारण विचारलं तर म्हणतात, "भिंत गळत नाही."

त्यानंतर आमच्या घरची गुढी बायकोनं फाटकापाशीच उभारली, दर वर्षी. खिळ्याविषयी ती एका शब्दानंही बोलली नाही. शेवटच्या दिवसांत एकदा पाणी पाजताना एवढंच म्हणाली, "तांबरमला जाऊन या." मेस्त्री तेव्हा शहराच्या टोकाला, तांबरमला राहायला गेले होते.

ती गेल्यावर मी गेलो. गाडीत वाक्य पाठ करत बसलो होतो. स्टेशनापासून चालतानाही तेच.

मेस्त्री ओट्यावर बसले होते. डोळ्यांना कमी दिसत होतं. आवाज ऐकून त्यांनी मला ओळखलं. अक्का गेल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेतला आणि सोडला नाही. मी तोंड उघडणार तोच ते बोलू लागले.

"राव, तुमची गच्ची माझ्या मनांतून जात नाही. अक्कांच्या माथ्यावर पाणी गळालें. गच्चीनें सांगितलें असेल, मलाच ऐकूं आलें नाही. जन्मभर लोकांना सांगितलें अवसर नको, आणि शेवटीं अवसर मीच केला. हात चुकला माझा. त्या दिवसापासून ह्या हातावर विश्वास राहिला नाही." आणि थांबून म्हणाले, "क्षमा करा."

मी म्हणालो, "असू द्या, मेस्त्री. जुनी गोष्ट झाली."

मी त्यांना क्षमा केली. त्यांचा चेहरा हलका झाला. त्यांनी आतून कॉफी मागवली. आता खरं सांगून त्यांचं मिळालेलं समाधान कशाला मोडायचं, असं मी स्वतःला समजावलं, आणि कॉफी प्यालो. निघताना त्यांनी विचारलं, "आतां गळत नाही ना?"

"नाही," मी म्हणालो. त्यांना दिलेलं हे एकच उत्तर खरं होतं.

पुढचा पावसाळा त्यांनी पाहिला नाही. त्यांच्या लेकीचा फोन आला. बाबा तुमची आठवण काढायचे, मन मोठं आहे रावांचं, असं म्हणायचे, असं तिनं सांगितलं.

हल्ली ऊन उतरलं की मी गच्चीवर जातो. चपला काढतो. गुडघे दुखतात, तरी त्या कोपऱ्यात उकिडवा बसून गोलाईवर तळहात ठेवतो. गाडीत पाठ केलेलं वाक्य अजून विसरलेलो नाही. मेस्त्री, तुमचा हात चुकला नव्हता. खिळा मी ठोकला होता. मला क्षमा करा.