न हसणाऱ्या आत्या

माझ्या बायकोच्या आत्याबाईंइतका वैताग मला काशीत कुणीही दिला नाही. गल्लीत वाट अडवून बसणाऱ्या वळूंनीसुद्धा नाही. बँकेने माझी पुण्याहून बनारसला बदली केली आणि आम्ही दूधविनायक मोहल्ल्यात आत्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हापासून मी त्यांचं झोपणं आणि त्यांचं न हसणं सोसत होतो. झोपायला त्यांना अंथरूण लागायचं नाही. मटार सोलता सोलता झोपायच्या, रिक्षात झोपायच्या. गल्लीतल्या मुलींना पेटी शिकवताना भात्यावरचा हात थांबायचा, सूर मान टाकायचा आणि मुली आत्या जाग्या होईपर्यंत निमूट बसून राहायच्या. एकदा तर झोपेच्या तारेत त्यांनी वरणात साखरेचा अख्खा डबा रिकामा केला आणि जाग आल्यावर मलाच विचारलं, "हे कुणी केलं?"

हसण्याचं तर नावच नको. माणसांना हसवण्याबद्दल पुण्यात माझा थोडा लौकिक होता. इथे मी तोंड उघडलं की आत्या उठून आत जायच्या. अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्या उतरताना मी एका पंड्याची नक्कल केली, तर त्यांनी माझा दंड करकचून धरला. "चुप! एकदम चुप, जावईबापू!" चार लोकांसमोर! मी कितीतरी दिवस तोंड फुगवून होतो.

मग एका दुपारी स्वयंपाकघरात मी हट्टालाच पेटलो. पुणेरी हिंदीत मी भाजीवाल्याशी कसा भांडलो, ते साभिनय करून दाखवलं. आत्या खुदकन हसल्या आणि दोरीवरून ओली साडी घसरावी तशा खाली आल्या. मान लुळी, जबडा सैल. बायको किंचाळली. शेजारीण नाकाला लावायला कांदा फोडून घेऊन धावली. जरा वेळाने आत्या आपल्या आपण उठून बसल्या.

"सगळं ऐकू येत होतं. कांदा नको म्हणत होते, पण जबान हलेना."

"आधी कधी असं झालं होतं?"

"जोरात हसले की होतं. लहानपणापासून. कुणाला सांगणार? पागल म्हणतील."

मला घाटाच्या त्या पायऱ्या आठवल्या आणि माझ्या दंडावरची त्यांची ती पकड.

बनारसच्या मेंदूच्या डॉक्टरांनी दिल्लीला जाऊन झोपेची तपासणी करायला सांगितलं. आत्या उसळल्या. "झोपायला दिल्लीला जाऊ? ते तर मी इथे बसल्या बसल्या करते!" त्यांना गाडीत बसवेपर्यंत माझे उरलेसुरले केस गेले. दवाखान्यात डोक्याला वायरी चिकटवून त्यांना रात्रभर झोपवलं. दुसऱ्या दिवशीही थोड्या थोड्या वेळाने पुन्हा झोपायला सांगितलं, आणि दर वेळी दार लागायच्या आत आत्या गाढ! डॉक्टरीणबाईंनी आजाराचं नाव सांगितलं: नार्कोलेप्सी. झोप आणि जाग यांच्यावरचा मेंदूचा ताबा सुटतो. हसल्यावर अंगातलं बळ जातं तेही त्यातलंच. मुळापासून जात नाही, पण गोळ्यांनी पुष्कळ आटोक्यात राहतं.

"मतलब मैं आलसी नहीं हूँ?" आत्यांनी विचारलं.

"बिलकुल नहीं."

आत्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. कानपूर गेल्यावर त्या म्हणाल्या, "माझी आई चुलीपुढे अशीच झोपायची. आम्ही सगळी भावंडं तिला आळशी म्हणायचो. मीसुद्धा."

मग त्यांनी खिडकीच्या गजाला डोकं टेकलं. मला वाटलं, लागला डोळा. वाकून पाहिलं, तर त्या टक्क जाग्या होत्या, मागे पळणाऱ्या शेतांकडे बघत.