अप्पा घाडींचं गाऱ्हाणं

कापलेल्या झाडाजवळ आले की अप्पा घाडी आधी पायातल्या चपला काढत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असेच, चिंचपोकळी स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. पडायला आलेला एक जुना शिरीष कामगारांनी मुळापासून उतरवला होता, आणि सत्तरी ओलांडलेला हा काटकुळा माणूस त्या ओल्या बुंध्यासमोर अनवाणी उभा होता.

"ओ काका, देऊळ पुढच्या गल्लीत आहे!" एक कामगार ओरडला. बाकीचे हसले.

"थंयसरच्या देवाक रोज भेटतंय रे," अप्पा म्हणाले. "ह्याची आजची भेट शेवटची."

मीही थांबलो होतो. त्यांनी मला विचारलं, "तू कित्याक थांबलंस?" मी म्हणालो, "आमच्या माणदेशात झाडंच कमी. पडलेलं बघवत नाही." त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि मी कुठे राहतो, काय करतो ते विचारून घेतलं. मी परळच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नुकताच लागलो होतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. एम.ए.चा अभ्यास करायचा होता आणि मित्राच्या खोलीत सहाजणांत पुस्तक उघडायला जागा नव्हती. ते ऐकून अप्पांनी बोलावलं, आणि पुढच्याच आठवड्यात मी लालबागला, त्यांच्या चाळीतल्या खोलीच्या पोटमाळ्यावर राहायला गेलो.

अप्पा एकटेच होते. पत्नी वारलेली, मुलगी सावंतवाडीला. मला वाचताना डुलकी लागली की खालून काठी ठोकत. "शिकतंस तर नीट शीक. अर्धो शिकलेलो एक ह्या खोलयेत आसा, तितको पुरे."

ते मूळचे गिरणीतले फिटर. गिरणी बंद पडल्यावर कोणाच्या तरी ओळखीने टांझानियात एका लाकडाच्या कारखान्यावर गेले. करवती बसवायच्या, धार लावायची, तोडीच्या टोळीबरोबर जंगलात जायचं. काही वर्षांनी तिथल्या गावाने सभा घेऊन आपलं जंगल तोडीला बंद केलं. कारखाना उठला. अप्पा मात्र तिथेच राहिले. गावानेच त्यांना ठेवून घेतलं. जंगलाची राखण गावकरीच करायचे, पाळीपाळीने, बायकासुद्धा. अप्पाही त्यांच्याबरोबर फिरून रानडुकरं-हरणं धरायला लावलेले तारेचे फास काढत. हत्तींची वाट कुठून जाते, धनेश कोणत्या ढोलीत बसतो, हे सगळं त्यांनी तिथे पाहिलं. लांब केसांची काळी-पांढरी माकडं खालच्या रानात परत आली, त्या दिवशी गावाने जेवण केलं होतं म्हणे. पत्नीच्या आजारपणात ते लालबागला आले आणि मग परत जाणं झालं नाही.

चाळीत या गोष्टी सगळ्यांच्या पाठ झाल्या होत्या. शेजारच्या महाडिक काकू म्हणत, "अप्पा, आफ्रिका आटपली की हाक मारा, चहा टाकते." पण चाळीच्या पुनर्विकासाची बैठक कार्यालयात बसून तिघांनीच उरकली, तेव्हा अप्पा गॅलरीत उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले होते, "थंय एक फांदी तोडूची तर अख्खो गाव बसता. हयसर अख्खी चाळ पाडूची तर तीन माणसां बसतत!" त्या दिवशी काकू हसल्या नाहीत.

मी आल्याला दोन वर्षं होत होती तेव्हा अप्पांचा घसा दुखू लागला. परळच्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. उरला तो नुसता श्वासासारखा. जवळ कान नेला तरच शब्द कळत.

त्याच सुमारास रेहेमाचा निरोप आला. रेहेमा म्हणजे त्या गावच्या जंगल समितीची प्रमुख. अप्पा तिथे गेले तेव्हा ती शाळेत जात होती. मोबाईलवर ती तिच्या भाषेत बोलून पाठवायची आणि अप्पा मला अर्थ सांगायचे. एक लाकडाचा व्यापारी गावात आला होता. वरचा डोंगर तोडीला द्या, रस्ता करून देतो, म्हणत होता. तरुण पोरांना ते पटत होतं. महिनाअखेर गावची सभा होती. 'जुनी तोड या पोरांनी पाहिलेली नाही,' रेहेमा म्हणाली होती. 'ती पाहिलेली म्हातारी माणसं आता राहिली नाहीत. बाबा, तुम्ही सांगा. तुमचं ऐकतील.'

अप्पांना बोलता येत नव्हतं आणि ती भाषा लिहिता कधीच येत नव्हती. मी इंग्रजीत लिहायचं आणि तिथले शाळामास्तर सभेत ते गावाच्या भाषेत वाचून दाखवतील, असं ठरलं.

"तू माझा तोंड हो," अप्पा म्हणाले.

कोकणात देवासमोर गाऱ्हाणं घालतात. एकजण सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने सांगतो, आधी झालेली चूक कबूल करतो, मग मागणं मागतो, आणि जमलेले लोक 'व्हय म्हाराजा' म्हणतात. अप्पांनी पत्र तसंच सांगितलं. ताठ बसून, हात जोडून, एकेका वाक्याला थांबत.

"लिही. बा देवा म्हाराजा, आणि गावकऱ्यांनो. वरच्या डोंगराची झाडां माझ्या हातान पडली. करवत माझी होती. झऱ्याकडची झाडां सोडा, म्हणान तुमची म्हातारी माणसां आमच्या दारात इली होती. मालकाक तेंचा बोलणा समाजला नाय. माका समाजला. आमच्या गावात देवराई आसा, थंयसुद्धा ह्योच नेम आसा. समाजला तरी मी गप रवलंय. नोकरी जायत म्हणान गप रवलंय. मगे झरो आटलो, माकडां गेली. ह्यो माझो गुन्हो. तो पदरात घेवा, आणि तीच चूक परत करू नकात."

मी सगळं मराठीत उतरवून घेतलं. इंग्रजी करायला बसलो आणि माझा हात अडला. त्या गावात अप्पांना वडिलांचा मान होता. तो माणूस गुन्हेगार होता हे मी माझ्या हाताने लिहून शेकडो लोकांसमोर कसं वाचायला लावणार? ज्याच्या छपराखाली मी शिकत होतो त्याची अब्रू मी वेशीवर कशी टांगणार? आमच्या घरात थोरांची चूक कोणी उच्चारत नाही. मी लिहिलं की पुष्कळ वर्षांपूर्वी एका कंपनीने तेथील वृक्ष तोडले, त्यामुळे जलस्रोत नष्ट झाला. वन हा साऱ्या मानवजातीचा ठेवा आहे. शाळेत निबंधाला बक्षीस मिळवलेली माझी सगळी भाषा मी त्यात घातली.

"सगळा लिवलंस मां?" अप्पांनी विचारलं.

"हो अप्पा," मी म्हणालो.

सभेनंतर तीन दिवसांनी रेहेमाचा आवाज आला. अप्पांनी मोबाईल कानाला लावून तो दोनदा ऐकला. मग मला खाली बोलावलं आणि कुजबुजत सांगू लागले. पत्र वाचलं. चांगलं होतं. मग एक तरुण उठून म्हणाला, 'मोठ्या शहरात बसून असं लिहायला काय जातं? या माणसाने स्वतः कधी झाड तोडलंय का?' मास्तरांनी पत्र पुन्हा पाहिलं. त्यात उत्तर नव्हतं. रेहेमाने सांगायचा प्रयत्न केला, पण ती तेव्हा लहान होती, आणि पोरं म्हणाली, तुला काय माहीत. हात वर झाले. वरचा डोंगर गेला.

"तू लिवलंस मां ता?" अप्पांनी विचारलं.

मी मान खाली घातली. सगळं सांगितलं. का गाळलं तेही सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी मोबाईल बाजूला ठेवला.

"तुका वाटला माझी अब्रू जायत," ते म्हणाले. "अरे झिला, माझ्याकडे तेंका देवक दुसरा होता काय? तीच तर द्यायची होती."

त्याच दिवशी आम्ही दुसरं पत्र पाठवलं. या वेळी मी एक शब्द बदलला नाही. पण व्यापाऱ्याशी करार होऊन गेला होता. मास्तरांनी कळवलं की पत्र शाळेच्या अंगणात वाचलं, आणि प्रश्न विचारणारा तो तरुण सगळ्यात शेवटी उठून गेला.

अप्पा त्यानंतर दोन महिने जगले. माझ्याशी नेहमीसारखेच वागले. 'जेवलंस काय' विचारायचे, काठी ठोकायचे. माझ्या परीक्षेच्या आदल्या सोमवारी ते गेले. मी पास झालो. अनेकांना त्यांच्या अर्जांचं, पत्रांचं इंग्रजी करून देतो आता. माणूस स्वतःबद्दल जे वाईट सांगतो ते गाळत नाही. कोणी संकोचून 'हे राहू दे' म्हणालं तर दोनदा विचारतो. याने अप्पांचं काही भरून निघत नाही, हे मला कळतं.

ते गेल्याचं मी रेहेमाला लिहून कळवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिचा आवाज आला. आता अर्थ सांगायला कोणी नव्हतं. मला कळलं ते फक्त 'बाबा' आणि 'घाडी'. ती हळू बोलत होती, आणि तिच्या मागे एक घरघर चालू होती. मला वाटलं, मोटारसायकल असेल. मग ती घरघर थांबली. रेहेमाही बोलायची थांबली. लांबवर काहीतरी मोठं कडकडत कोसळलं, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. तो संपल्यावर तिने पुन्हा अप्पांचं नाव घेतलं.