ती पाणपोई नव्हती

“देवासच्या भूतबंगल्यात आमच्या बहिणीची खोली म्हणजे निव्वळ पाणपोई होती. दमलेली माणसं आत जाऊन टेकायची, बाहेर येऊन पाणी प्यायची आणि ताजीतवानी होऊन पुढच्या खोलीत घाबरायला जायची.”

हे माझ्या मेहुण्याचे विधान. मेहुणा म्हणजे माझ्या पत्नीचा थोरला भाऊ. धारला असतो, महाविद्यालयात शिकवून निवृत्त झाला आहे, आणि त्याचा आवाज भरदार आहे. गेल्या वर्षभरात हे विधान त्याने इंदूरच्या एका लग्नात केले, आमच्याकडच्या मुंजीत केले, आणि अमझेऱ्याला देवळात प्रसादाची पंगत बसली असताना हातातला घास तसाच ठेवून केले. दर वेळी माणसे हसली. हसणे हा पुरावा नव्हे, एवढे तरी आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माणसाला कळायला हवे होते.

मी आजवर गप्प होतो. त्याला कारण होते, ते पुढे येईल. आता मात्र त्या विधानाची झळ एका माणसाला लागली आहे, आणि तो माणूस माझ्या घरात राहतो. तेव्हा जे घडले ते मी येथे क्रमाने लिहितो. आमच्या समाजातल्या तरुण मंडळींना मराठी वाचताना दम लागतो, हे मला ठाऊक आहे. त्यांनी हे कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्यावे.

ऑक्टोबर सरता सरता इथे देवासला आमच्या मराठी समाजाच्या सभागृहात भूतबंगला उभा राहतो. इंदूरला नोकरी करणाऱ्या मुलांनी तिथल्या मॉलमध्ये हॅलोविन पाहिले आणि ते इकडे आणले. काही वडीलधाऱ्यांनी ‘हे विलायती थेर’ म्हणून नाके मुरडली. मी मुलांच्या बाजूने उभा राहिलो. मी समाजाच्या सभेत विचारले होते, आणि आजही विचारतो, की भुतांचे आपल्याला नवल ते काय? सर्वपित्रीला, जिला इकडे भूतडी अमावस्या म्हणतात, अर्धा माळवा आपापली झपाटलेली माणसे घेऊन नेमावरच्या घाटावर उतरतो. नर्मदेत बुडी मारून भूत तिथेच सोडायचे आणि माणूस घरी आणायचा, हा आपला जुना व्यवहार. परदेशातल्या लोकांनी वर्षातून एक संध्याकाळ भुतांना दिली, तर त्यात आपल्याला अपमान वाटण्यासारखे काय आहे?

परंतु माझी एक अट होती. भुते आपली हवीत.

ती अट मी का घातली, हे कळण्यासाठी आसपासचे भूतबंगले पाहायला हवेत. आम्ही उभयतांनी ते पाहिले होते. खातेगांवच्या एका कोचिंगवाल्याने विद्यार्थिनींना पदवीदानाचे झगे घालून चेटकिणी केले होते. त्या एकमेकींचे फोटो काढण्यात गुंतल्या होत्या आणि आम्हाला ‘आंटी, थोडा साइड में’ म्हणाल्या. महामार्गावरच्या एका रिसॉर्टने भोपळे कोरून त्यांत दिवे ठेवले होते. पत्नी त्या भोपळ्यांपुढे हळहळत उभी राहिली. “केवढे घारगे झाले असते हो,” एवढेच ती म्हणाली, आणि त्या सबंध जागेत तिला वाईट वाटायला लावणारी तेवढी एकच वस्तू होती. धारला माझ्या मेहुण्याच्या कॉलनीने मॅरेज गार्डन घेतले होते. तिथे जनरेटर एवढा धडधडत होता की किंकाळ्या ऐकू येत नव्हत्या. रक्तपिपासू म्हणून उभ्या केलेल्या इसमाचा झगा तंबूच्या खिळ्यात अडकला आणि तो आपले सुळे सावरत मला म्हणाला, “भिया, जरा छुड़ाना.” मी सोडवला. मेहुण्याने बाहेर आल्यावर विचारले, “काय जावईबुवा, कसं काय वाटलं?” मी म्हणालो, “खिळा धोकादायक आहे.” तेव्हापासून त्याच्या मनात किल्मिष आहे, असे माझे मत.

परतताना गाडीत पत्नी म्हणाली, “यांची भुतं फार ओरडतात. ज्याला खरंच न्यायचं असतं, ते कशाला ओरडेल?”

तिचे बालपण खातेगांवचे. पर्वणीला सगळे घर नेमावरला स्नानाला जाई. तिथल्या डोहात आसरा आहेत, असे तिची आजी सांगे. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बाया. देवता म्हणा, भुते म्हणा, त्यांना दोन्ही चालते. खोल पाण्याशी राहतात, खणानारळाने ओटी भरली की सुखी असतात, आणि बेसावध माणसाला हाताला धरून आत नेतात. देशावरून आमचे लोक इकडे आले तेव्हा भांडीकुंडी आणि कुळाचार यांबरोबर यांनाही घेऊन आले आणि नर्मदेत सोडले. गेल्या वर्षी पत्नी पहिल्यांदाच म्हणाली, “मला एक खोली द्या. मी आसरा होते.” लग्नापासून आजवर तिने स्वतःसाठी असे काही मागितल्याचे मला आठवत नाही.

आता पाटीचे सांगतो, कारण मेहुण्याच्या विधानाचे मूळ त्या पाटीत आहे. प्रत्येक खोलीवर भुताच्या नावाची पाटी लावायची होती. मी पेंटरला कागदावर ‘साती आसरा’ असे स्वच्छ लिहून दिले. पेंटर इथलाच, हिंदी बोलणारा, धर्मशाळांच्या आणि वृद्धाश्रमांच्या पाट्या रंगवणारा सज्जन गृहस्थ. त्याला वाटले, म्हाताऱ्याचा ‘थ’ चुकला. त्याने तो सुधारला. पाटी आली ती ‘साथी आसरा’ अशी, भोवती वेलबुट्टी, आणि खाली स्वतःच्या मनाने घातलेले ‘आपका स्वागत है’.

भूतबंगल्याच्या समितीने ती लावूनही टाकली. समितीची प्रमुख म्हणजे आमच्या शेजाऱ्यांची नात. हुशार, इंदूरला कंपनीत कामाला. ती म्हणाली, “किती स्वीट नाव आहे ना, आजोबा!” मी संतापलो. पाटी उतरवायला स्टूल मागितले. तेव्हा पत्नीनेच मला अडवले. “राहू द्या. माणूस एकदा टेकला, की मग घाबरवायला सोपा.”

हे वाक्य कृपया लक्षात घ्यावे. ज्याला माझा मेहुणा फजिती म्हणतो, ती तिची योजना होती.

खोलीत निळा दिवा होता, मंदसा. शेंदूर फासलेले सात गोटे ओळीने मांडलेले. बसायला बाक. पलीकडे जाळीचा पडदा, आणि त्यामागे पाठमोरी बसलेली ती: हिरवे लुगडे, ओले मोकळे केस, हातात फणी. मी काळ्या कापडाआड परात आणि तांब्या घेऊन बसे आणि थेंब थेंब पाणी सोडी. त्या खोलीतला पाण्याचा आवाज यंत्राचा होता, असेही कोणी सांगत फिरते. तो माझ्या मनगटाचा होता.

माणसे आधीच्या, खवीसाच्या खोलीतून किंचाळत येत. पाटी वाचत. ‘चलो, बैठो भिया, यहाँ कुछ नहीं है’ म्हणत बाकावर टेकत. ती काही बोलत नसे, फणी चालवत राही. आणि त्यांचा श्वास जागेवर आला, की मागे न वळता, ओसरीवरच्या बाईने पाहुण्याला विचारावे तशी विचारी, “आलास? बस हो.”

येणाऱ्याने काही बोलावे, की ती आवाजावरून, आरशाच्या एका तुकड्यात पाहून, घराणे ओळखी. इथल्या मराठी घरांच्या चार पिढ्या तिला तोंडपाठ आहेत. “तू मास्तरांचा पणतू. तुझी पणजी इथेच बसली होती, या बाकावर.” मग थेंबांचा आवाज. मग, “अजून आहे.”

मुलांना त्यातले निम्मे मराठी कळे, आणि जे निम्मे कळत नसे ते त्यांना जास्त लागे. तो त्यांच्या गेलेल्या आज्यांचा उच्चार होता. घरात आता तसे कोणी बोलत नाही. हिंदी माणसे आली तर ती तितक्याच मायेने म्हणे, “बहुत देर कर दी, बेटा. बाकी सब तो कब के आ गए.”

कोणीही किंचाळले नाही, हे मी मान्य करतो. किंबहुना माझा सगळा युक्तिवादच तो आहे. किंचाळणे हे दचकण्याचे लक्षण आहे, भिण्याचे नव्हे. मांजर आडवे उडी मारून गेले तरी माणूस दचकतो. भ्यालेला माणूस आवाज करत नाही, कारण आपण इथे आहोत हे त्याला कोणाला कळू द्यायचे नसते. त्या बाकावरून माणसे अशी उठत, की बाकाची कुरकुर होऊ नये. जाताना कित्येकांनी गोट्यांना हात जोडले. एका दणकट व्यापाऱ्याने, जो आदल्या खोलीत खवीसाबरोबर सेल्फी काढून आला होता, बायकोचा पदर धरला होता.

आणि पाणी? बाहेर माठ होता, खरे आहे. माणसे त्यावर तुटून पडत, हेही खरे आहे. मेहुणा तेवढेच पाहून गेला. दिवाळीच्या सुमाराची माळव्यातली संध्याकाळ, अंगावर शाल घ्यावी अशी हवा. अशा वेळी माणसाला तांब्याभर पाणी कशामुळे लागते, याचा त्याने विचार करावा. घसा उन्हानेच कोरडा पडतो असे नाही.

आता या वर्षाचे. परवा समितीची बैठक झाली. ती शेजाऱ्यांची नात, जिच्यावर माझा राग नाही, मला म्हणाली, “आजोबा, तुम्ही बुरा नका मानू. पण सगळे म्हणून राहिले की आजीच्या रूममधे लोकं नुसती बसून राहतात. डरत कोणीच नाही. या वेळी तिथे झॉम्बी करू. आजींना आपण बाहेर शरबतच्या काउंटरवर ठेवू ना. त्यांना आरामच होईल.”

“सगळे म्हणजे कोण?” मी विचारले.

“धारवाले मामाजी तर सगळीकडे सांगून राहिले. आणि ते तर आजींचे सख्खे भाऊ आहेत. ते काय झूठ बोलतील?”

घरी येऊन मी पत्नीला सांगितले. ती निवडत होती ती भाजी निवडत राहिली. “मुलांचं बरोबर असेल,” म्हणाली. संध्याकाळी मी पाहिले, की दसऱ्यानंतर उन्हात घालून तयार ठेवलेले हिरवे लुगडे तिने घडी करून पुन्हा ट्रंकेत टाकले आहे, आणि लिंबाच्या सरबताला साखर किती लागेल हे ती शेजारणीला विचारते आहे. सरबत ती उत्तम करील. पण मी तिला पडद्यामागे बसलेले पाहिले आहे. चूल, मुले, माझा स्वभाव यांतून उरलेली एवढीशी जागा तिने मागून घेतली होती, आणि त्या जागेत ती राणीसारखी बसत असे.

मी धारला फोन केला. मेहुणा मोठ्याने हसला. “अहो जावईबुवा, गंमत हो ती! आणि त्या ठमीला मी लहानपणापासून ओळखतो. ती काय कोणाला भिववणार? झुरळ दिसलं की माझ्या पाठीशी लपायची.”

“तुम्ही त्या खोलीत गेला होतात?” मी विचारले.

“छे! माझे गुडघे. मी बाहेरच खुर्ची टाकून बसलो होतो.”

येथे मी माझे मौन सोडतो. पत्नीने मला गेल्या वर्षी भूतबंगल्यातून घरी येताना बजावले होते, “दादाचं कुठे बोलू नका हं. त्याला लागेल.” भावाची लाज राखण्यासाठी तिने वर्षभर स्वतःची थट्टा ऐकून घेतली, अमझेऱ्याच्या पंगतीत तर त्यालाच आग्रहाने वाढत राहिली. स्वतः तिने कोठे अवाक्षर काढले नाही. मी हा तिचा शब्द तिच्यासाठीच मोडतो आहे, आणि त्याबद्दल जे ऐकून घ्यावे लागेल ते घरी ऐकून घेईन.

तो आत आला होता. गेल्या वर्षी, भूतबंगल्याच्या शेवटच्या दिवशी, दिवेलागणीला. थोड्या वेळापूर्वी त्याने बहिणीला चहाच्या टेबलापाशी पाहिले होते, म्हणून खोली रिकामी आहे अशा समजुतीने, काठी टेकत, व्यवस्था पाहायला आला. ती तोवर मागच्या दाराने येऊन बसली होती. तो बाकावर टेकला, गुडघे चोळू लागला, आणि स्वतःशीच म्हणाला, “हं, बसायला बरं आहे.” मी तांब्या कलता केला. पहिला थेंब पडला.

फणी थांबली. “नेमावरच्या डोहाशी उभा राहून म्हणाला होतास, मोठा झालो की येतो,” ती म्हणाली. “वाट पाहून पाहून दमले रे.”

हे तो कधी म्हणाला होता, हे घाटावर त्याचा हात धरून उभ्या असलेल्या एका लहान मुलीखेरीज कोणाला माहीत असणार? पण त्या क्षणी त्याला ती मुलगी आठवली नाही. त्याची काठी खाली पडली. ती उचलायला तो वाकला नाही. भरदार आवाजाचा तो माणूस कसाबसा पुटपुटला, आणि काय पुटपुटला ते मी हातभर अंतरावरून माझ्या कानांनी ऐकले आहे. मग तो भ्याला की नाही, ती खोली कशाची होती, आणि यंदा तिथे कोणी बसावे, हे समितीने ठरवावे. “बाई, तुम्ही म्हणाल तसं करतो, पण आज मला जाऊ द्या”: माझा मेहुणा आपल्या पाठच्या सख्ख्या बहिणीला ‘तुम्ही’ म्हणाला.