तात्यांनी न दिलेली ओळ

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचं दूध घेणं चाललं होतं. आमच्या पणदऱ्याच्या डेअरीवर त्या वेळी कुणाला बोलायला सवड नसते. मी ‘बरं’ म्हणाले, फोन ठेवला आणि पुढच्या माणसाची किटली उतरवून घेतली... तीन-चार किटल्या झाल्यावर ध्यानात आलं, की यात ‘बरं’ म्हणण्यासारखं काहीच नव्हतं. मग मात्र हात चालेनात. त्याला आता पाच आठवडे झाले. या पाच आठवड्यांत तात्या दोनदा स्वप्नात आले. दोन्ही वेळा कालव्याच्या कडेनं माझ्या पुढं चालत होते, मी हाका मारत होते आणि ते काही मागं वळून बघत नव्हते.

वामनतात्या शेळगावचे. प्राथमिक शाळेत मास्तर होते. निवृत्त झाल्यावर बारामतीत आमच्यासारख्या हौशी लोकांना गोळा करून नाटकं बसवायला लागले. दिग्दर्शक ते, पण प्रयोगाला बसायचे विंगेत, प्रॉम्प्टरच्या खुर्चीत, मांडीवर नाटकाची वही घेऊन. ‘विसरलेल्याला ओळ देणं हेच खरं काम,’ म्हणायचे. तालमीची त्यांची तऱ्हाच वेगळी. रविवारी दुपारी आम्हाला कालव्यावर न्यायचे आणि चालायला लावायचे. बोलायचं नाही, संवाद म्हणायचे नाहीत. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला तुरे आलेला ऊस, वर पांढरं ऊन... तासाभरानं आपण चालतोय की कडेचा ऊस चालतोय, कळेनासं व्हायचं. पहिल्या रविवारी मी वैतागले. मी मुळातच फटकळ. म्हटलं, ‘‘तात्या, नाटक बसवताय का पाय मोकळं करताय?’’

‘‘सुचायला येळ लागत न्हाय गं,’’ ते म्हणाले. ‘‘गप व्हायला लागतो.’’

हे तेव्हा मला पटलं नाही. पुढं कधी तरी, न सांगता, पटलं. चालून चालून डोकं रिकामं झालं की भूमिकेतली बाई आपोआप माझ्या चालीत उतरायची. ती पदर कसा खोचते, रागावल्यावर कुठं बघते, हे मी ठरवलेलं नसायचं. तात्या वहीत काही लिहायचे नाहीत, शाबासकीही द्यायचे नाहीत. नुसतं ‘‘हां, आली बघ ती,’’ म्हणायचे, जणू पाहुणी एसटीतून उतरली!

आता त्या प्रयोगाबद्दल सांगते, कारण बाकी सगळं मी त्याच्याच भोवती आठवते. नाटक तात्यांचंच. घर सोडून गेलेला भाऊ पुष्कळ वर्षांनी दारात येतो आणि बहीण त्याला बोलते, असा शेवट. बहीण मी. भाऊ दारात आला आणि माझी ओळ गेली. एक शब्द नाही, की अक्षर नाही. मी विंगेकडं पाहिलं. तात्या खुर्चीत होते, वही मांडीवर होती. माझ्याकडंच बघत होते आणि ओठ मिटलेले. मी वाट पाहिली. किती वेळ, देव जाणे. ते काही बोलले नाहीत. मग मीच बोलले... काय बोलले ते मला आजतागायत आठवत नाही. एवढं आठवतं, की लोक आधी हसले आणि मग एकदम गप्प झाले. तात्यांनी तालमीत आणि प्रयोगात मोबाईलला बंदी घातलेली, त्यामुळं कुणाकडं ते साठवलेलंही नाही.

प्रयोग संपल्यावर जो तो म्हणायला लागला, दिग्दर्शकाची कमाल, मुद्दाम ओळ दिली नाही म्हणून हे झालं. माझं पित्त खवळलं. एवढ्या माणसांपुढं मला उघडं टाकायचं आणि वर वाहवा घ्यायची? मी विचारलं, ‘‘मुद्दाम केलं का?’’ तात्या ना हो म्हणाले, ना नाही. दोन वर्षं मी तालमीला फिरकले नाही. मग गेले, कारण त्या कालव्याशिवाय मला करमेना. पण तो प्रश्न काही मनातून गेला नाही. त्या दोन मिनिटांइतकं चांगलं काम मी पुन्हा कधी केलेलं नाही आणि तेच माझं आहे की त्यांचं, हे मला ठाऊक नव्हतं.

गेल्या थंडीत आम्ही मंडळी नरसिंहपूरला गेलो होतो. बाकीचे देवळात गेले. तात्या आणि मी खाली संगमावर बसलो. पाणी इतकं संथ होतं, की बघता बघता डोळ्यांवर झापड यावी. मी पुन्हा विचारलं. ‘‘तात्या, आता तरी सांगा.’’ ते गुडघ्यावर हात टेकून उठले. मग म्हणाले, ‘‘भूक लागली. चल.’’

‘‘तुमी लबाड हाय,’’ मी म्हणाले. आमचं शेवटचं बोलणं ते. पाच आठवडे हा शब्द मला टोचतोय.

तात्यांच्या पुण्यानुमोदनाला, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात, गर्दी होती, म्हणून परवा पुन्हा शेळगावला गेले. तात्यांची बायको, आमच्या काकू, एकट्याच होत्या, पडवीत शेंगा फोडत. मीही सुपाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं, लबाड म्हटल्याचंही.

‘‘मुद्दाम कुठलं?’’ काकू म्हणाल्या. ‘‘पान हुकलं हुतं त्यांचं. तुझ्याकडंच बघत बसले, वही चार पानं मागं. घरी येऊन जेवले न्हाईत. पोरीला बुडवली म्हणत हुते.’’

‘‘मग मला का न्हाय सांगितलं?’’

‘‘मीबी तेच म्हणलं. तर म्हणले, मुद्दाम केलं म्हणावं तर ते माझ्या नावावर जातंय. चुकलं म्हणावं तर लोक म्हणत्याल, नशिबानं झालं. तिनं केलंय, तिचं ऱ्हाऊ दे.’’

मला रडू आवरेना. काकूंनी मला रडू दिलं, शेंगा फोडायच्या थांबल्या नाहीत. मग भिंतीवरच्या आरशाकडं मान करून म्हणाल्या, ‘‘तिथं दाढी करताना रोज म्हणायचे तू बोललेलं. ऐकून ऐकून मला पाठ झालंय.’’ आणि त्यांनी सूप बाजूला सारलं, समोरच्या उघड्या दाराकडं बघितलं आणि म्हणाल्या :

‘‘आलास व्हय? मग हुभा का? रोज तुझी भाकर टाकत हुते. तू येत न्हवतास, मग कोंबड्यास्नी घालत हुते. तुझ्या जिवावर कोंबड्या मातल्यात बघ... माझा राग तेवढा उपाशी ऱ्हायला. ये, त्यालाबी बस म्हण.’’

दारात ऊन होतं. काकू माझ्याकडं वळल्या. ‘‘बरोबर म्हणलं का गं? तुझं हाय, तुलाच म्हाईत.’’

मला त्यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. मी म्हणाले, ‘‘व्हय काकू. असंच म्हणले हुते मी.’’