गंजलेली फौज

दुसऱ्यांच्या दातांवर पोट भरणारा माणूस तो. उभा जन्म कवळ्या घडवण्यात गेला, म्हणून सगळे त्याला कवळीभाऊच म्हणत. दुकानामागच्या खोलीत एका बाजूला मेण नि साचे, आणि खिडकीपाशी त्याचा लाडका खेळ: टेबलावर लढवायची बोटभर उंचीच्या खेळण्यातल्या शिपायांची फौज. स्वतः जोडायची, स्वतः रंगवायची. रविवारी मित्रमंडळी जमत, आणि त्यांचा नियम कडक. न रंगवलेला मोहरा पटावर चालणार नाही म्हणजे नाही!

आधी त्याच्याकडे राजाचे शूरवीर होते, पांढरेशुभ्र, ढालीवर केसाएवढी बारीक किनार. ते एकाएकी कपाटात गेले आणि गड्याने राक्षसाची फौज काढली. मित्र म्हणाले, "उतारवयात बिघडलास की रे!" त्याने हसण्यावारी नेलं. खरं कारण त्यांना काय कप्पाळ कळणार! शूरवीरांना स्वच्छ रेघ लागते. दुष्टांचं बरं असतं. हात हलला तर वरून गंज थापायचा, चिखल फासायचा, वर लोक म्हणतात, वा, काय भयानक जमलंय! शिपाईसुद्धा त्याने तोंड झाकलेले निवडले, म्हणजे डोळे रंगवायची भानगडच नको.

हात हलत होता. त्याच्या वडिलांचा, अण्णांचा, हलायचा तस्साच. अण्णांना शेवटी थोरल्या बहिणीने, ताईने, चमच्याने भरवलं होतं. आता मेणात दात बसवताना बोट जरा सरकलं की हा तो दात काढून पुन्हा पहिल्यापासून बसवायचा. हात गेला की धंदा गेला. डॉक्टरचं नाव काढलं तरी घाम फुटायचा. बायको बिचारी केव्हाच गेलेली. ताई आहे, एवढाच काय तो धीर.

फौजेचा सेनापती तेवढा राहिला होता. मुठीएवढा राक्षस, कपाळावर मोहरीएवढा एकच डोळा, आणि उद्या रविवार. दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेला दाबून, श्वास रोखून तो बुबुळ काढत होता, तेवढ्यात ताई आली.

"हे काय रे ध्यान?"

"सेनापती आहे," तो म्हणाला आणि ब्रश घसरला. काळी रेघ राक्षसाच्या गालावर उतरली. त्याने झटकन गंजाच्या रंगात ब्रश बुडवला.

ताईने त्याचं मनगट पकडलं. "कधीपासून?"

"कुठे काय? ब्रशच मेला खराब आहे."

"अण्णापण चमच्यालाच दोष द्यायचे."

त्याने ब्रश खाली ठेवला. मग अवसान गळून म्हणाला, "ताई, मला फार भीती वाटते गं. डॉक्टरने तेच सांगितलं तर?"

ताई मनगट सोडेना. आपलाच हात थरथरतोय असं त्याला बराच वेळ वाटलं. मग त्याने खाली नीट पाहिलं.

"मी भरवीन असं धरून चालू नकोस," ताई म्हणाली. "मी हल्ली चहाचा कप अर्धाच भरते."